साखळी नेमकी कुठे अडकवायची?

यंदा खंडेनवमीला माझ्या आतेभावाने आपल्या नव्या कोऱ्या छोट्या ट्रॅक्टरची पूजा केली. इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल मागे टाकले की जमीन चोरलच्या उताराकडे झुकू लागते. तेथे त्याची चार एकर जागा आहे. निम्म्या भागात साग, पळस आणि बाभळीचे विरळ रान आहे, आणि उरलेल्या भागात घाणेरी माजली आहे. बॉनेटवर झेंडूची माळ होती, पुढच्या जाळीला लिंबू-मिरची होती. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी आसनामागची लोखंडी कमान मात्र पिना काढून आडवी पाडलेली होती, कारण उभी ठेवली तर ती शेडच्या पत्र्याला लागते. पूजा आटोपल्यावर पहिले काम निघाले ते पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या बाभळीचा ओंडका ओढून काढण्याचे. चालकाने साखळी ओंडक्याला गुंडाळली आणि तिचे दुसरे टोक आसनामागे मांडीच्या उंचीवर असलेल्या, टॉप लिंक (अवजार वरच्या बाजूने जोडणारी दांडी) बसवण्याच्या लोखंडी कानात अडकवले. साखळी ताणली गेली, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि पुढची दोन्ही चाके वीतभर उचलली जाऊन पुन्हा जमिनीवर आदळली. मी ओरडलो. तो हसून म्हणाला, "साहब, अगला पहिया थोड़ा तो उठता ही है, कुछ नहीं होता."

उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढताना पुढची चाके अधांतरी घेऊन निघालेले ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनाही हे वाक्य खरे वाटेल. पुढचे चाक उचलले जाणे हा ट्रॅक्टरचा स्वभाव आहे, त्याची ताकद आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्या क्षणी एक साधा हिशेब जवळजवळ संपत आलेला असतो, आणि तो शाळेतल्या तरफेच्या धड्यापलीकडचा नाही.

जुने गाडीवान बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त भरला गेला की गाडी 'उलाळ' झाली असे म्हणत. तिचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाऊ लागे. ट्रॅक्टरचेही तसेच होते. फरक इतकाच की येथे मागे माल नसतो, मागे ओढ असते. आपल्या ट्रॅक्टरचे वजन 900 किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या 50 सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. मागचे चाक जमिनीला जेथे टेकते तो बिंदू म्हणजे टेकू. गुरुत्वमध्यातून खाली ओढणारे वजन ट्रॅक्टरचे नाक जमिनीकडे दाबून धरते आणि त्या दाबाचे माप, म्हणजेच परिबल, 900 गुणिले अर्धा, अर्थात 450 किलो-मीटर इतके भरते. साखळीतील ओढ नेमकी याच्या उलट काम करते. ती ट्रॅक्टरला मागे खेचते आणि टेकूपासून जितकी उंच असेल तितकी ती त्याला जास्त उलटवू पाहते. तिचे परिबल म्हणजे ओढ गुणिले साखळीची जमिनीपासूनची उंची.

आता साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओझे ओढण्यासाठीच असलेल्या मागच्या दांड्याला, जमिनीपासून 35 सेंटिमीटरवर अडकवली आहे असे समजा. नाक उचलायचे असेल तर ओढ 450 भागिले 0.35, म्हणजे सुमारे 1285 किलो व्हावी लागेल. परंतु एवढी ओढ निर्माण होऊच शकत नाही, कारण तिचा उगम टायर आणि माती यांच्यातील घर्षणात आहे. नाक उचलले जाण्याच्या क्षणी सगळे 900 किलो मागच्या चाकांवर आले, तरी कोरड्या घट्ट जमिनीवर घर्षण फार तर 650 किलोंपर्यंत साथ देईल. त्याच्या पुढे चाके जागच्या जागी फिरतील, धूळ उडेल, चालकाला राग येईल, पण ट्रॅक्टर चारही पायांवर राहील. हे घसरणे कमजोरीचे लक्षण नव्हे. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी ती एक झडप आहे.

साखळी 80 सेंटिमीटरवरच्या त्या लोखंडी कानात अडकवली की हाच भागाकार 560 वर येतो. घर्षण 650 पर्यंत धरून राहणार आणि नाक 560 लाच उठणार, म्हणजे झडप उघडण्याआधीच कुकर उडणार. दोन्हींमधली सीमारेषा 450 भागिले 650, म्हणजे सुमारे 69 सेंटिमीटरवर पडते. साखळी मागच्या आसाच्या मध्यापेक्षा वर कधीही बांधू नये, हा नियम जगभरच्या प्रशिक्षणात शिकवतात. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाचा मध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो, म्हणजे हा नियम सीमारेषेच्या वीतभर खालीच थांबवतो.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग वाचकाने हा परिच्छेद ओलांडून पुढे गेले तरी चालेल. चाके घसरू नयेत म्हणून आपल्याकडे मागच्या टायरांत पाणी भरतात. दोन्ही टायर मिळून 150 किलो पाणी भरले तर घर्षण 650 वरून सुमारे 758 होते. पण हे पाणी बरोबर आसाखाली, म्हणजे टेकूवरच असल्यामुळे नाक खाली दाबण्याच्या कामी त्याचा अंशमात्र उपयोग होत नाही. परिबल 450 चे 450 च राहते आणि सुरक्षित उंचीची सीमा 69 वरून 60 सेंटिमीटरपर्यंत खाली येते. पकड वाढली, झडप मात्र अधिक घट्ट बसली. याउलट नाकापाशी, आसापासून 1.8 मीटर पुढे, नुसती 50 किलोंची वजने टांगली तर परिबलात 90 ची भर पडते. चढावर तर सगळेच बिघडते. 15 अंशांच्या चढावर गुरुत्वमध्य टेकूच्या जवळ सरकतो, आणि तो जमिनीपासून 65 सेंटिमीटर उंचीवर असेल तर 450 चे सुमारे 283 च उरतात. आपल्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य कोठे आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळवावा. सीहोर जिल्ह्यातील बुधनी येथे 1955 पासून चालणारी ट्रॅक्टर चाचणीची केंद्रीय संस्था आपल्या अहवालात ही जागा मोजून देते. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात ती मिळत नाही, तेथे फक्त हॉर्सपॉवर असते.

नाक एकदा उठले की पुढे काय होते? गुरुत्वमध्य आसाभोवती वर्तुळात फिरू लागतो, तो वर चढतो आणि त्याच वेळी मागे सरकतो, त्यामुळे नाक खाली ओढणारे परिबल प्रत्येक अंशागणिक घटत जाते. आपल्या उदाहरणात सुमारे 73 अंशांवर ते शून्य होते आणि तेथून पुढे वजन स्वतःच ट्रॅक्टरला चालकाच्या अंगावर आणते. नाक उठल्यापासून या परत न फिरण्याच्या अवस्थेपर्यंत साधारण पाऊण सेकंद लागतो, असे शेतीसुरक्षेच्या प्रशिक्षणात शिकवतात. धोका ओळखून पाय क्लचवर जाईपर्यंत माणसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. "मी क्लच दाबीन" हा आत्मविश्वास म्हणूनच फोल आहे.

चाक चिखलात रुतले असेल तर याच कथेचा अधिक भयंकर प्रकार घडतो. सर्वांत खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे शंभराहून अधिक फेरे होतात तेव्हा मागचे चाक एकदा फिरते, आणि त्याच प्रमाणात आसावरची पिळण्याची ताकद वाढते. गतीच्या तिसऱ्या नियमानुसार आस चाकाला पुढे पिळतो तेव्हा चाक ट्रॅक्टरच्या धडाला मागे पिळते. चाक फिरू शकत असेल तर ते फिरते. ते अडकले असेल तर धडच त्याच्याभोवती फिरू लागते. रुतलेल्या चाकाला आडवे लाकूड बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास केली जाते. ती नेमकी हीच अवस्था स्वतःच्या हातांनी निर्माण करते. रिव्हर्समध्ये ही पिळण्याची दिशा उलट होऊन नाक खाली दाबले जाते, म्हणून रुतलेला ट्रॅक्टर मागेच काढावा.

हा धोका ट्रॅक्टरइतकाच जुना आहे. 1917 साली आलेला फोर्डसन हा स्वस्त आणि हलका ट्रॅक्टर मागे उलटण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. उत्तर आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी 1909 साली स्वतः बनवलेले विमान उडवले होते, आणि पुढे ते या प्रश्नाकडे वळले. नांगर साखळीने न ओढता तो खालच्या दोन दांड्यांनी आणि वरच्या एका दांडीने ट्रॅक्टरलाच जोडायचा, ही त्यांची कल्पना. माती नांगराच्या फाळाला खाली मागे रेटते, तेव्हा खालच्या दांड्या ताणल्या जातात आणि वरची दांडी, म्हणजेच टॉप लिंक, उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलते. आसाच्या वर पुढे ढकलणे म्हणजे नाक खाली दाबणे. नांगराला जितका विरोध, तितके नाक जमिनीला घट्ट. या पद्धतीचा ट्रॅक्टर 1936 साली बाजारात आला आणि आज आपल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी तीन बिंदूंची जोडणी हा तिचाच वंश आहे. आतेभावाच्या चालकाने साखळी अडकवली होती ती नेमकी त्या टॉप लिंकच्या कानात. जी जागा ट्रॅक्टरला पुढे ढकलून उलटण्यापासून वाचवण्यासाठी योजली गेली, तिलाच धरून आपण त्याला मागे खेचत होतो.

लिंबू-मिरचीबद्दल माझी काही तक्रार नाही; तिचे वजन नगण्य असल्यामुळे ती 450 मध्ये भरही घालत नाही आणि घटही करत नाही. माझी तक्रार आडव्या पाडलेल्या कमानीबद्दल आहे. ती उभी आणि चालकाने आसनाचा पट्टा बांधलेला असेल तर उलटलेला ट्रॅक्टर तिच्यावर अडतो आणि चालकासाठी जागा उरते. स्वीडनने 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण सक्तीचे केले. कमान खाली असताना मात्र पट्टा बांधू नये, कारण तेव्हा तो माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. आणि उन्हासाठी बसवलेली पत्र्याची छत्री ही कमान नव्हे. जाहिरातींत चारही चाकांना ताकद देणारे ट्रॅक्टर 'कुठेही बिनधास्त' नेण्याचे आवाहन असते. नाक उचलल्यावर पुढची चाके हवेत फिरतात आणि हवेत कोणतीही पकड नसते. कसरतींच्या व्हिडिओंविषयी वेगळे बोलायला नको. पंजाबात 2023 साली अशा कसरतींवर बंदी घालावी लागली.

रानात मागे उलटण्याइतकाच दुसरा धोका फिरत्या पीटीओ शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्याचा असतो. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9, आणि जोडाचा घेर 25 सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळले जाते. गळ्यातला गमछा किंवा पदर संपायला पुरता सेकंदही लागत नाही, म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढू नये आणि इंजिन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नये. उजव्या आणि डाव्या ब्रेकचे पेडल रस्त्यावर येताना एकमेकांना जोडून घ्यावे, अन्यथा वेगात एकच चाक अडते. नव्या ट्रॅक्टरच्या चाकांचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत, आणि सायलेन्सरपाशी अडकलेला पाचोळा रोज काढावा.

त्या दिवशी आम्ही कमान उभी केली, पट्टा बांधला आणि साखळी सोडवून खालच्या ड्रॉबारला लावली. चालकाने यावेळी क्लच हळूहळू सोडला. साखळी ताणली, मागची दोन्ही चाके जागीच फिरली, काळ्या मातीत कोपरभर खड्डे पडले आणि नाक तसूभरही हलले नाही. ओंडकाही हलला नाही. चालक खाली उतरला, खड्ड्यांकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग शेडमधून करवत घेऊन आला. ओंडक्याचे तीन तुकडे झाले, आणि ते एकामागून एक निमूटपणे बाहेर आले.