लुपस: एकाच प्रथिनापुरती शांतता

माझ्या मावसबहिणीला लुपस आहे. परवा तिच्याकडे गेले, तर टेबलावर 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' हिरव्या गोळ्यांची बाटली. शेजारणीनं प्रेमानं आणून दिलेली. मागचं बारीक अक्षर वाचलं: अल्फाल्फा. म्हणजे आपली लसूणघास. तिच्या बियांत आणि कोंबांत एल-कॅनाव्हॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्यानं लुपस उफाळू शकतो. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच शरीरावर उठलेली असते. तिला खतपाणी घालायला सांगणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो.

औषधांची अडचण याच्या उलट. स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड ही सरसकट सगळी प्रतिकारशक्ती दाबतात. या आजारात धोक्यात येणारं मूत्रपिंड वाचतं, पण क्षयासारख्या रोगांना दार उघडं राहतं.

म्हणून मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचं 2024 मधलं संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी 'एसएम' हे एकच लक्ष्य निवडलं. टॅन आणि कुंकेल यांनी 1966 मध्ये नोंदवलेलं हे लक्ष्य म्हणजे पेशीच्या केंद्रकात आरएनएची काटछाट करणाऱ्या यंत्रणेतली प्रथिनं. लुपसच्या काही रुग्णांचं शरीर नेमकं त्यांनाच शत्रू समजतं.

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांतल्याच भांडण मिटवणाऱ्या नियामक टी पेशी आपल्या रक्तात असतात. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवून दिल्या आणि 2025 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. प्रत्येक टी पेशी पृष्ठभागावरच्या आपल्या रिसेप्टरनं प्रथिनाचा एकच ठरावीक तुकडा ओळखते आणि तोही एचएलए नावाच्या तबकात ठेवून दाखवला तरच. मोनॅशच्या गटानं एचएलए-डीआर15 या तबकातला एसएमचा तुकडा घट्ट धरणारा रिसेप्टर शोधला आणि त्याचं जनुक विषाणूमार्फत रुग्णांच्याच नियामक पेशींत घातलं.

पुढचा भाग मी कितीदा वाचला असेन! तुकडा दाखवणाऱ्या पेशीवर सीडी80 आणि सीडी86 हे रेणू असतात. हल्लेखोर टी पेशीला तुकडा दिसून भागत नाही, या रेणूंकडून दुसरा इशाराही लागतो. नियामक पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या सीटीएलए-4 या रेणूनं ते रेणू उपटते आणि चक्क गिळून टाकते. शिवाय टी पेशींना वाढायला लागणारं आसपासचं इंटरल्यूकिन-2 शोषून घेते, दाह शमवणारं इंटरल्यूकिन-10 सोडते. त्यामुळे शेजारी दुसऱ्याच प्रथिनावर चिडलेल्या पेशीही थंडावतात. लुपसमध्ये डीएनए, आरओ, एलए अशी लक्ष्यं बरीच, तरी एकाच पत्त्यावर जाऊन काम भागण्याची आशा आहे ती यामुळेच.

मानवी पेशी सोडलेल्या उंदरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार पुढे सरकायचा थांबला. हे यश उंदरांतलं आहे आणि एसएम सगळ्याच रुग्णांत लक्ष्य नसतं. तबकं माणसागणिक वेगळी असतात, म्हणून डीआर15 नसेल त्याच्यासाठी त्याच्या तबकात बसणारा वेगळा रिसेप्टर शोधावा लागेल.

गोळ्यांची बाटली मी पर्समध्ये घालून घेऊन आले.