पार्श्वभूमी : वळिवड्याचे पाहुणे आणि ‘परदेशी’ पैशाचा घोळ

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. आंबेवाडी-चिखली आणि शिरोळकडच्या गावांत काय झालं, हे इथं पुन्हा सांगायला नको. घराघरांतला चिखल निघतो न निघतो तोच, सप्टेंबरात, पोलंडहून पाहुणे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. तिथल्या जुन्या पोलिश निर्वासित छावणीच्या स्मृतिस्तंभाचं अनावरण होतं. पाहुण्यांत असेही वयोवृद्ध होते ज्यांचं बालपण याच छावणीत गेलं होतं.

ती छावणी १९४३ ते १९४८ या काळातली. सायबेरियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, तिथं राहिले. पुढं त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. पोलंडनं ही ओळख जपली. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले.

एवढा जुना घरोबा असताना पूरग्रस्तांसाठी तिकडून थेट सरकारी मदत का घेता येऊ नये, असं कुणालाही वाटेल. गुंता इथंच आहे.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ मध्ये भुजला परदेशी मदत आपण घेतली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मात्र दिल्लीनं पवित्रा बदलला : आमचं आम्ही निभावू. उलट आपणच मदत पाठवू लागलो. २०११ मध्ये जपानच्या ओनागावात आपलं ४६ जणांचं पथक राबलं, २०१५ ला नेपाळ, २०२३ ला तुर्की. देणाऱ्याचा हात वर राहतो, हे त्यामागचं गणित. त्यात अभिमान आहे, तसा थोडा ताठाही.

२०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यानं मधला मार्ग काढला. भारत मदतीचं आवाहन करणार नाही. पण एखाद्या देशानं सदिच्छेनं स्वतःहून देऊ केली, तर केंद्र ती स्वीकारू शकेल. ‘शकेल’ म्हणजे स्वीकारेलच असं नाही, हे केरळला २०१८ च्या महापुरात कळलं. आखाती देशाकडून ७०० कोटी येणार अशी घोषणा राज्यातून झाली, मग तो आकडा पक्का नव्हता असं त्या देशाच्या राजदूतानं सांगितलं, आणि केंद्रानं परदेशी सरकारांचे पैसे घ्यायला नकार दिला. आराखड्यातली सदिच्छा कागदावर राहिली.

दुसरा गुंता ‘परदेशी’ या शब्दाचा. अमेरिकेत राहणाऱ्या कोल्हापूरकराकडं भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याची देणगी देशी. शेजारच्याच घरातल्या भावानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे शंभर डॉलर परदेशी अंशदान नियमन कायद्यानुसार (एफसीआरए) परदेशी अंशदान ठरतात आणि परवानगी नसलेल्या निधीला ते घेता येत नाहीत. दोघांचं घर चिखलीतच बुडालेलं असलं तरी. पंतप्रधानांच्या नावानं २०२० मध्ये निघालेल्या निधीला या कायद्यातून सूट मिळाली; राज्यांच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधींना मात्र ती नव्हती.

जागतिक बँकेचे पैसे या हिशेबात धरू नयेत. किल्लारीच्या पुनर्वसनाला ते आले, आता कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणालाही येत आहेत. पण ते कर्ज आहे, परत फेडायचं. बातम्यांत त्यालाही सर्रास ‘मदत’ म्हणतात.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं २०१९ ची पातळीही मागं टाकली. तेव्हाही नियम तेच होते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी मिळाली. अशी परवानगी मिळालेलं हे देशातलं पहिलं राज्य. केरळातून लगेच विचारणा झाली : आम्ही बुडालो तेव्हा नाही, मग यांनाच कशी? आपल्या पूरपट्ट्याला ही परवानगी हवीच होती, पण केरळच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.