गोवरी, मोट आणि सौरपंप : सोलापूरच्या शेतातल्या ऊर्जेची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात सेंद्रिय शेतीचं नाव निघालं की लगेच सौरपंपाचा विषय येतो. पण इथला जुना पेच शेणाचा आहे.

पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, झाडझाडोरा कमी. चुलीला लाकूड कुठून आणायचं? गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुरकाठ्यांवर भाकरी भाजली जाई. वावराला मिळायचं शेण असं चुलीत जळे. तरी मोट आणि नांगर ओढणारे खिलार बैलच खतही देत. ताकद आणि खत एकाच दावणीतून येई. डिझेल इंजिन आणि विजेची मोटर आली तशी मोट थांबली, ट्रॅक्टरनं दावण रिकामी केली आणि खताच्या जागी युरियाचं पोतं आलं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, ऊस वाढला, तशी विजेची आणि युरियाची भूक आणखी वाढली.

यावर उपाय होता गोबरगॅसचा. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टाकीचं ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र बनवलं, पुढे खादी ग्रामोद्योग आयोगानं ते गावोगाव नेलं. १९८४ च्या सुमारास विटांच्या घुमटाचं, स्वस्त ‘दीनबंधू’ आलं. गोवरी जाळली की शेणातलं नत्र धुराबरोबर जातं. गोबरगॅसमध्ये जळतो तो मिथेन, नत्र टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणाच्या मळीत राहतं आणि रानात परततं. सेंद्रिय शेतकऱ्याला याहून सोयीची ऊर्जा मला दिसत नाही. अडचण एकच, पण मोठी : दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि जवळपास तेवढंच पाणी. टँकरच्या दिवसांत ते पाणी आधी जनावरांना.

सौरऊर्जेचा जोर अलीकडचा. २०१७ मध्ये शेतीच्या वीजवाहिन्यांना सौर वीज देणारी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आली, २०१९ मध्ये सौरपंपांना अनुदान देणारी केंद्राची कुसुम. सौरपंपाला शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. रात्री विंचूकाट्यात पिकाला पाणी देत दारं धरणाऱ्याला दिवसा पाणी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र बिल नसलेला पंप दिवसभर चालला, तर बोअरची पातळी खाली जाते. शिवाय पॅनेल खत देत नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढते, तिला पंप लागत नाही. तिचा कडबा अजूनही दावणीत पडतो, आणि जिथे तो पडतो तिथेच गोबरगॅसची टाकी भरायला शेण सापडतं.