आंशिक कवळीचा सांगाडा : ताठपणा आणि रचना

काही दात पडलेले आणि काही शाबूत असताना, रुग्णाला स्वतःच्या हाताने काढता-घालता येईल अशी जी कवळी बसवतात तिला आंशिक कवळी म्हणतात. पाहणाऱ्याला तिचे पांढरे दात आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिक दिसते. उरलेले दात ती सांभाळणार की खिळखिळे करणार, हे मात्र आतला धातूचा सांगाडा ठरवतो. दोन्ही बाजू जोडणारी मुख्य पट्टी, तिच्यातून दातांकडे चढणारे छोटे जोड, दातात कोरलेल्या खाचेत टेकणारे रेस्ट, दाताला वेढणारे क्लॅस्प आणि कृत्रिम दात धरणारी जाळी असे त्याचे भाग असतात. क्लॅस्पचे टोक सोडले तर हा सगळा सांगाडा ताठ असावा लागतो.

घास एका वेळी बहुधा एकाच बाजूने चावला जातो. पट्टी ताठ असेल तर तो भार पलीकडच्या दातांपर्यंत, टाळूपर्यंत वाटला जातो. ती वाकत असेल तर भार पडल्या जागीच मुरतो. शेजारचा दात हलू लागतो, पट्टीची कड हिरडीत रुतते आणि खालचे हाड झिजते.

दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी 1925 मध्ये दातांच्या रिकाम्या जागांचे चार वर्ग पाडले. तीच विभागणी आजही वापरात आहे. तिसऱ्या वर्गात रिकाम्या जागेच्या दोन्ही टोकांना दात असल्याने काम सोपे असते. खरी परीक्षा पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात, कारण तिथे मागच्या दाढाच नसतात. कवळीचे पुढचे टोक दातावर आणि मागचे मऊ हिरडीवर टेकते. दात दाबाखाली किंचितच खचतो, हिरडी त्याच्या कित्येक पट. त्यामुळे प्रत्येक घासाला कवळी रेस्टभोवती झुलते आणि क्लॅस्प दाताला पक्कडीसारखा पिळतो. यावर दंततज्ज्ञ क्रॅटोचविल यांनी 1963 मध्ये रेस्ट दाताच्या मागच्या कडेवरून पुढच्या कडेवर नेण्याचा आणि हिरडीच्या बाजूने वर येणारा बारीक क्लॅस्प वापरण्याचा मार्ग सुचवला. पुढे क्रोल यांनी त्यात सुधारणा केल्या. सांगाड्यात बिजागरी घालून दातावरचा ताण तोडण्याचाही एक पंथ आहे. पण त्यात दात सुटतो आणि सगळा भार हिरडीवर येतो, शिवाय बिजागरी बिघडते ती वेगळीच.

ताठपणा धातूइतकाच आकारावर अवलंबून असतो. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. पण तोंडात जाडी जिभेला खुपते. म्हणून वरच्या जबड्यात टाळूच्या वळणाचा फायदा घेतात : सपाट पत्रा सहज वाकतो, पन्हाळीचा वाकत नाही, तसेच वेगवेगळ्या पातळ्यांवर बसलेली रुंद, पातळ पट्टी ताठ राहते. पुढची आणि मागची पट्टी जोडून केलेली बंद चौकट याहून मजबूत. नालाच्या आकाराची पट्टी सर्वांत कच्ची, तिची मोकळी टोके फाकतात. टाळूच्या मध्यावर हाडाचा मोठा उंचवटा असेल तरच ती घ्यावी. वरच्या पट्टीची कड हिरडीच्या काठापासून सुमारे 6 मिमी दूर ठेवतात.

खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूने अर्ध्या पेअर फळाच्या (नासपतीच्या) आकाराच्या छेदाची दांडी जाते, जाड भाग खाली. दांडीची उंची 4 ते 5 मिमी आणि हिरडीपासून 3 ते 4 मिमी अंतर धरले तर साधारण 8 मिमी जागा लागते. ती नसेल तर दांडी बारीक करण्याऐवजी दातांवर चढणारी पट्टी घेणे शहाणपणाचे.

कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू येथे स्थिरावला तो याच हिशेबाने. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप, 200 गिगापास्कलच्या वर, सोन्याच्या मिश्रधातूंचा आणि टायटॅनियमचा जवळपास निम्मा, अ‍ॅक्रिलिकचा जेमतेम 2 ते 3. सोन्यापेक्षा तो वजनालाही बराच हलका.

अडचण क्लॅस्पची. त्याच धातूच्या त्याच ओतकामात निघालेला हा बाहू दाताच्या फुगवट्यावरून सरकताना वाकला पाहिजे आणि पूर्ववतही झाला पाहिजे. म्हणून तो टोकाकडे निमुळता करतात आणि ओतीव कोबाल्ट-क्रोमियमच्या टोकाला फुगवट्याखाली साधारण 0.25 मिमीच खोलीवर बसवतात. ओढून केलेल्या तारेला 0.5 मिमीही चालते. दाढेवरचा लांब बाहू लवतो, उपदाढेवरचा आखूड सहसा लवत नाही. त्याच दाताला पलीकडच्या बाजूने टेकणारा क्लॅस्पचा दुसरा बाहू मात्र ताठच हवा, नाहीतर कवळी घालता-काढताना दात ढकलला जातो.

आपल्याकडे ‘फ्लेक्सिबल’ म्हणून मिळणाऱ्या नायलॉनच्या कवळ्यांना तार दिसत नाही आणि पडल्या तरी त्या सहसा फुटत नाहीत. समोरच्या एखाद्या दातापुरत्या, काही काळ, त्या चालून जातात. दोन्हीकडच्या दाढा नसलेल्या तोंडात मात्र रेस्टविना बसवलेली अशी कवळी हिरडीत खचत जाते.

सांगाडा उष्णतारोधक साच्यावर मेणात घडवून ओततात. अलीकडे संगणकावर आखून लेझरने धातूची पूड थरांवर थर वितळवूनही करतात. कसाही केला तरी दात लावण्याआधी तो तोंडात बसवून पाहावा लागतो. एका रेस्टवर बोट दाबल्यावर पलीकडचा उचलला गेला तर सांगाडा डुगडुगतो आहे. असा सांगाडा दाबून बसवू नये. अडणारी जागा शोधून घासावी, तरी न जमल्यास नवे माप घेऊन पुन्हा ओतावा.