जामीन मिळूनही आत : एका अटीची पार्श्वभूमी

नाशिकरोडच्या जेलरोडला ज्याच्यामुळे नाव मिळालं, त्या मध्यवर्ती कारागृहाचा इतिहास सांगताना आपण बहुधा स्वातंत्र्यलढ्यापाशी थांबतो. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता यांच्या इथल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. ते अभिमानाने सांगावंच. पण तुरुंग ज्यांनी भरलेले आहेत, त्या कच्च्या कैद्यांचाही एक इतिहास आहे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला संपलेला नव्हता.

त्यातल्या अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो. जामीनदार मिळत नाही. सुरगाणा-पेठहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला येणाऱ्या मजुराने ऐपतदार माणूस आणायचा कुठून? सातपूर-अंबडच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या परप्रांतीयाला तर शहरात ओळखच नसते.

हा प्रश्न नवा नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि ही अट गरिबावर अन्याय करणारी ठरवली. पुढच्याच वर्षी मूळचे कामठीचे पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही जास्त काळ माणसं आत होती. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे तिथून मान्य झालं आणि हजारो सुटले. बाहेरच्या माणसांनी पाठपुरावा केला म्हणून हे घडलं, एरवी त्या कैद्यांची आठवण कुणाला होती?

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून कैद्यांसाठी सामाजिक कार्यकर्ते उभे केले. कायदा मागाहून आला. २००६ पासून कमाल शिक्षेचा निम्मा काळ काढलेल्या कच्च्या कैद्याला सुटकेचा हक्क मिळाला. १ जुलै २०२४ पासून याआधी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ पुरेसा आहे आणि त्यासाठी लेखी अर्ज करणं तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे यातून वगळलेत. मात्र ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत, त्यालाही ही सवलत नाही, आणि मला हे फार खटकतं. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये विमुक्त झालेल्या पारध्यांसारख्या जमातींवर संशयाने गुन्हे लावले जातात. या अटीचा फटका आधी त्यांनाच बसणार.

मोतीरामच्या निकालाला पंचेचाळीस वर्षं होत असताना, ३१ जानेवारी २०२३ रोजी, जामीनदार स्थानिकच हवा या हट्टामुळे सुटका रखडते, तेव्हा ही अट घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. त्या पैशांचा निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते.