मिरकरवाडा (रत्नागिरी)

रत्नागिरी शहरातील रत्नदुर्ग किल्ल्याजवळची मच्छीमार वस्ती व मोठे मासेमारी बंदर. जुनी घरे मुख्यतः दालदी (मुसलमान मच्छीमार समाज) आणि इतर कोकणी मुसलमानांची; आसपासच्या किनाऱ्यावर खारवी, भंडारी समाज. हंगामात मात्र जेटीवर कोकणी बोलीच्या जोडीला नेपाळी आणि कामापुरती हिंदी सतत कानावर पडते.

याचे कारण जाळ्यात आहे. साध्या जाळ्याच्या छोट्या होडीला घरची चार माणसे पुरतात. बांगडा-तारलीचा थवा घेरणाऱ्या पर्ससीन नौकेला पंचवीस-तीस जण लागतात. अशा नौका आल्या तोवर इथली पोरे मुंबईच्या नाहीतर आखाताच्या वाटेला लागलेली. ज्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर धाडली, त्यालाच स्वतःच्या नौकांवर परमुलखातली माणसे ठेवावी लागली. कुरकुरत का होईना, ठेवली. १९५० च्या भारत–नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे काम करायला वेगळा परवाना लागत नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रावर ओळखपत्रांची तपासणी मात्र कडक झाली. एक जण टिकला की पुढच्या खेपेला गावचे आणखी चार घेऊन येतो. तांडेल (नौकेचा प्रमुख) बहुधा इथला, खलाशी बाहेरचे. मालक आधी उचल देतो, मग महिन्याचा पगार. नौकेवर एका टोपातला भात आणि मिळालेल्या मासळीचे कालवण सगळ्यांना. किनाऱ्यावर आले की बिऱ्हाडे वेगळी.

परका माणूस रत्नागिरीला नवा नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच नजरकैदेत होता. पण त्याला सरकारने आणले, यांना पोटाने.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी गोरखपूरमार्गे किंवा उत्तराखंडातल्या सीमेवरच्या बनबशाहून गावी जातात. नेपाळचा मोठा सण दशैं आश्विनात येतो, नेमका पर्ससीनच्या भरात. सुट्टीवरून मालकाशी घासाघीस ठरलेली.

शहराबाहेरच्या हापूसच्या बागांतही राखण नेपाळ्यांकडेच. माणूस थारू जमातीचा असो वा मगर जमातीचा, बागायतदाराच्या लेखी सगळे ‘गुरखे’. हे राखणदार मात्र बायकामुलांसह येतात. दिवाळीच्या सुमारास येऊन आंबा संपला की परततात, आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. त्यामुळे त्यांची मुले मराठी शाळेत बसतात ती अर्धे वर्ष उलटल्यावर.