सोहळा की स्मरण? लुईस-क्लार्क ब्लँकेटची पार्श्वभूमी

लुईस आणि क्लार्क या दोन कप्तानांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडे नेलेल्या शोधमोहिमेची कथा परिचित आहे. मे १८०४ मध्ये मिसुरी नदीतून वर निघालेली तुकडी पॅसिफिक गाठून सप्टेंबर १८०६ मध्ये सेंट लुईसला परतली. द्विशताब्दीच्या सुमारास तिच्या स्मरणार्थ लोकरी ब्लँकेटं निघाली, तोवर अमेरिकेत एका शब्दावरून बराच खल झाला होता.

शताब्दीला, १९०५ मध्ये, असा प्रश्नच पडला नव्हता. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला भव्य प्रदर्शन भरलं, १५ लाखांहून जास्त लोक आले. साम्राज्याची वाट पश्चिमेकडे जाते, अशा अर्थाची ओळ प्रवेशद्वारावरच कोरली होती. त्या वाटेवर आधीपासून राहणाऱ्यांना काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही.

२००३ ते २००६ या द्विशताब्दीत ते विचारावं लागलं. मोहिमेमागोमाग जमिनी गेल्या, मग सोहळा कसला, असा आदिवासी जमातींचा सवाल होता. आयोजकांनी अखेर ‘सोहळा’ वगळून ‘स्मरण’ हा शब्द धरला. याला कोणी शब्दांचा खेळ म्हणेल, पण त्यामुळे जमातींचे प्रतिनिधी सल्लागार म्हणून आत आले आणि फिरत्या प्रदर्शनाच्या तंबूत त्यांना स्वतःची बाजू मांडता आली. मराठीत आपण सर्रास ‘द्विशताब्दी सोहळा’ लिहून मोकळे होतो. तिथे नेमका तोच शब्द नको होता. वाद मिटला असं मात्र नाही. काही जमातींना ‘स्मरण’ही नको होतं. ते भिजत घोंगडं तसंच राहिलं.

ब्लँकेटात हा पेच आणखी घट्ट विणलेला आहे. ‘इंडियन ब्लँकेट’ म्हणून ओळखला जाणारा माल बहुतांशी गोऱ्या मालकांच्या गिरण्यांत विणलेला, आदिवासी गिऱ्हाइकासाठी. ऑरेगनमधली यातली सर्वात नावाजलेली गिरणी १९०९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. जमातींनी मात्र हा विकतचा माल आपलासा केला. आपल्याकडे शाल पांघरतात तसं मानाच्या माणसाच्या खांद्यावर ते ब्लँकेट पांघरतात. त्याच वस्तूवर मोहिमेचं नाव आलं की मान नेमका कोणाचा, हे घेणाऱ्यावर ठरतं.

मोहिमेच्या स्वतःच्या सामानातही ब्लँकेटं होतीच, पण कशाला किती मोल, हे तिथेही घेणाऱ्यावरच ठरे. नोव्हेंबर १८०५ मध्ये किनाऱ्यावर दोन्ही कप्तानांना सी-ऑटरच्या (समुद्री पाणमांजराच्या) कातड्यांचा एक झगा हवा होता. नाना वस्तू पुढे करूनही सौदा जमेना. शेवटी दुभाष्याच्या आदिवासी बायकोच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा दिला, तेव्हा झगा मिळाला. तिला बदल्यात निळ्या कापडाचा कोट मिळाला.